गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट: करंट कुठे हरवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९२ ची बुलेट ३५०, पॉइंट-कंडेन्सरवाली (पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क; कंडेन्सर काय करतो ते पुढे येतं). दोन वर्षांपूर्वी सहा व्होल्टची बारा व्होल्ट करून घेतली. त्रास मागच्या उन्हाळ्यापासून. सकाळी दोन किकमध्ये सुरू होते. सोलापूरच्या होटगी रोडवरून निघून गावातून तुळजापूरच्या रस्त्याला लागलात की तळे हिप्परग्याच्या आसपास मिसिंग सुरू होतं, सायलेन्सरमधून दोन-चार फटाके वाजतात आणि गाडी बंद. अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. प्लग दोनदा बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला. आता मेस्त्री म्हणतात कॉइल (प्लगसाठी हजारो व्होल्ट बनवते ती), कंडेन्सर, पॉइंट, वायरिंग, सगळंच बदलून टाकू. बदलावं का?

नाही. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय कंडेन्सरवर आहे आणि दुसरा कॉइलवर. कॉइलवरचा संशय तर वेगळ्याच कारणाने आहे, ते पुढे सांगतो. पण संशय म्हणजे निदान नव्हे. सगळं एकदम बदललं तर गाडी कदाचित चालेल, पण काय बिघडलं होतं ते कळणार नाही. आणि नवीन घातलेल्या सामानातला एखादा तुकडाच खराब निघाला (बाजारातला डुप्लिकेट कंडेन्सर सर्रास निघतो), तर तुमच्यापुढे एकाऐवजी दोन कोडी पडतील.

सगळ्यात मोठी अडचण अशी की तुमची गाडी गॅरेजपर्यंत पोचते तेव्हा थंड झालेली असते. थंड झालेल्या गाडीत सगळं ठीकच दिसतं. मेस्त्री प्लग काढतो, टॉपला (सिलिंडरच्या डोक्याला) टेकवतो, किक मारतो, करंट दिसतो, आणि मग कार्बोरेटर उघडायला घेतो. त्याचीही चूक नाही म्हणा, त्याला बिघाड दिसलाच नाही. हा बिघाड गाडी बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, तिथेच रस्त्याच्या कडेला पकडावा लागतो. म्हणून खालचं बरंचसं काम तुम्हालाच करायचं आहे. अवघड काही नाही.

(गॅरेजात आम्ही ठिणगीला करंटच म्हणतो. इथेही तसंच लिहितो. तारेतला प्रवाह मोजायचा असेल तिथे अँपिअर म्हणेन.)

आधी एक गोष्ट नक्की करायची: करंट गायब होतोय की पेट्रोल? बंद पडल्या पडल्या प्लग काढा. गरम असेल, फडका धरा. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल आत पोचतंय, ते पेटत मात्र नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नसावं. बंद पडण्याची तऱ्हाही सांगून जाते. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू दम सोडते, चोक ओढला की दोन-चार क्षण सावरते. करंट गेला की गाडी एकदम हुकते, अख्खा ठोका गिळते, आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतं. तुमचे फटाके तेच असावेत. म्हणून मी कार्बोरेटरपेक्षा इग्निशनकडे झुकतोय.

तरीही टाकीचं झाकण बघाच, कारण मी स्वतः इथे फसलोय. बरीच वर्षं झाली त्याला. एका गिऱ्हाइकाची गाडी अशीच वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडायची. मी प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, शेवटी कॉइलसुद्धा बदलली. तीन वेळा गाडी परत आली. चौथ्यांदा मी स्वतः चालवत अक्कलकोट रोडला गेलो. एमआयडीसीच्या पुढे बंद पडली. पेट्रोल बघावं म्हणून टाकीवरचं रेक्झिनचं कव्हर बाजूला करून झाकण उघडलं तर ‘फुस्स’ करून हवा आत शिरली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्यातून आत जाते. कव्हर नवीन होतं, घट्ट शिवलेलं, ते भोक बंद झालं होतं. टाकीत पोकळी तयार व्हायची, पेट्रोल अडायचं. अर्धा तास थांबलं की हवा कुठून ना कुठून आत शिरायची आणि गाडी पुन्हा सुरू. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं. कॉइलचे पैसे मी गिऱ्हाइकाला परत दिले. गॅरेजातल्या पोराने त्यानंतर महिनाभर मला दुसऱ्या नावाने हाक मारली नसेल: ‘काय उस्ताद, झाकण बघितलं का?’ तेव्हा गाडी बंद पडली की पहिलं काम, झाकण उघडा आणि कान द्या.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची जुळणी. बुलेटचे पुशरॉड जास्त ताणून बसवले असतील तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कंप्रेशन जातं. ओळखायला सोपं आहे. बंद पडल्यावर किक नेहमीपेक्षा हलकी लागते का बघा. हलकी लागली तर इग्निशनचा नाद सोडा, घरी येऊन इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कंप्रेशनच्या टॉपवर ठेवून पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. किक तशीच जड लागत असेल तर पुढे वाचा.

आता बुलेटवाल्यांकडे जे एक यंत्र फुकट असतं आणि ज्याकडे कुणी बघत नाही, ते अँपिअर मीटर. हेडलाइटच्या घरात, स्पीडोमीटरच्या बाजूला बसलेलं ते छोटं घड्याळ. बहुतेक लोक त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात, काहींचं तर बंदच पडलेलं असतं. चालू असेल तर करंटची निम्मी तपासणी पाना न लावता होते.

दिवे सगळे बंद ठेवा, किल्ली चालू करा, आणि किक पायाने हळूहळू खाली दाबत इंजिन फिरवा. जोरात मारायची नाही, डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून सावकाश फिरवायची. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, कारण बॅटरीतून कॉइलमध्ये प्रवाह सुरू होतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर परत येतो. दोन फेऱ्यांत एकदा असा झोका दिसला पाहिजे. जुने लोक कंप्रेशनची जागा शोधायला हेच करायचे: काटा मध्यावर आला की थांबायचं, डिकंप्रेसर ओढून किक किंचित पुढे सरकवायची आणि मग एकच दणका.

गाडी बंद पडल्यावर हा झोका बघा. तीन शक्यता आहेत.

काटा हललाच नाही, तर प्रवाह कॉइलपर्यंत जातच नाही किंवा पॉइंटमधून तो अर्थ होत नाही, म्हणजे बॉडीला पोचत नाही. बॅटरी, फ्यूज, किल्लीचं स्विच, मधली वायर, काळे पडलेले पॉइंट, किंवा कॉइलच्या आतली प्रायमरी (बॅटरीचा प्रवाह जिच्यातून जातो ती) तार तुटलेली, यांपैकी काहीतरी आहे. तापल्यावर प्रायमरी तुटणं आणि थंड झाल्यावर परत जुळणं, हेही घडतं.

काटा मायनसकडे गेला आणि कितीही फिरवलं तरी परतच येत नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा पॉइंटकडे जाणारी वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय.

काटा नीट झोका घेतोय आणि तरी गाडी सुरू होत नाही, तर पुढचा मामला: कंडेन्सर आतून तुटलेला, कॉइलची सेकंडरी (जिच्यात हजारो व्होल्ट उठतात ती दुसरी तार), प्लगकडे जाणारी जाड एचटी वायर, प्लगची कॅप किंवा प्लग.

बघा, एक पानाही न लावता शोध किती लहान झाला.

आणखी एक: काटा किती खाली जातो तेही बघून ठेवा. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ते ४ ओहम असतो, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना तीन-चार अँपिअर जातात. तुमच्या मीटरवर काटा सात-आठच्या घरात गेला तर मला लगेच कळवा, कारण माझा दुसरा संशय तोच आहे. सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टची करताना बल्ब बदलतात, बॅटरी बदलतात, हॉर्न बदलतात, आणि कॉइल ‘चांगली आहे की, राहू दे’ म्हणून जुनीच ठेवतात. सहा व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स दीड ओहमच्या आसपास असतो. तिला बारा व्होल्ट दिले की आठ अँपिअर जातात. सुरुवातीला करंट इतका जोरदार मिळतो की मालक खूश होतो. पण कॉइल तापते, पॉइंट जळतात, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत आतलं इन्सुलेशन हळूहळू मरतं. मग नेमकं तुम्ही सांगता तसंच होतं: थंड असताना ठीक, तापल्यावर शून्य. तुमचं काम दोन वर्षांपूर्वीचं आणि त्रास मागच्या उन्हाळ्यापासूनचा, हा हिशोब मला तरी जुळल्यासारखा वाटतो. कॉइलवर शिक्का किंवा लेबल असतं, त्यावर आकडा दिसला तर मीटरचीही गरज नाही.

बरोबर व्होल्टची कॉइलसुद्धा तापल्यावर थोडी मंदावतेच. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला सुमारे ०.४ टक्के वाढतो. साठ डिग्रीने तापलेली साडेतीन ओहमची कॉइल ४.३ च्या आसपास जाते, आणि साडेतीन अँपिअरऐवजी पावणेतीनच खेचते. त्यात बॅटरी अर्धमेली असेल आणि प्लगचा गॅप वाढलेला असेल तर तेवढंच निमित्त पुरतं. म्हणजे एकटा कुणीच गुन्हेगार नाही, पण तिघे मिळून गाडी बंद पाडतात. अशा गाड्या मी बऱ्याच बघितल्या आहेत, आणि त्याच सगळ्यात जास्त गॅरेजं फिरतात.

आता करंट बघायची पद्धत. प्लग टॉपला टेकवून ‘आला की करंट’ म्हणणं ही अर्धवट तपासणी आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा गॅप ओलांडायला अडीच-साडेतीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त लागतात. त्यामुळे बाहेर दिसणारा करंट आत मरू शकतो. एक जुना प्लग घ्या, त्याचं बाजूचं वाकडं टोक पक्कडीने उचलून गॅप पाच मिलिमीटर करा. हा तुमचा टेस्टर. बंद पडल्यावर कॅप यावर चढवा, प्लगची बॉडी इंजिनला पक्की टेकवा आणि किक मारा. पाच मिलिमीटरवरून निळा, कडाडणारा करंट उडाला तर कॉइल-कंडेन्सर ठीक आहेत. पिवळट, बारीक, कधी येतो कधी नाही, असा असेल तर नाही.

दोन सावधगिऱ्या. खरा प्लग काढलेला असेल तर त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, टेस्टर तिथून लांब धरा. आणि कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक कधीच मारू नका. करंटला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतूनच वाट फोडतो.

दिवस मावळता असेल किंवा सावली असेल तर डेल्कोचं झाकण काढून पॉइंटकडेही बघा. डेल्को म्हणजे सिलिंडरच्या मागचा तो डबा, ज्यात पॉइंट असतात. नाव कुठून आलं ते गंमतीचं आहे. ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची पद्धत मोटारींत रुळवली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, आणि १९०९ मध्ये त्याने काढलेल्या कंपनीचं छोटं नाव डेल्को. आपल्याकडच्या मेस्त्र्यांनी ते डिस्ट्रिब्युटरलाच चिकटवलं. तर, कुणाला तरी किक मारायला सांगा आणि पॉइंट उघडताना बघा. बारीकशी ठिणगी चालते. पण चांगली जाडजूड पांढरी-निळी ठिणगी प्रत्येक वेळी उडत असेल, तर कंडेन्सर गेला. यापेक्षा स्पष्ट खूण नाही.

कंडेन्सर करतो काय, हे सोलापूरकराला यंत्रमागावरून चटकन कळतं. धोटा सुसाट येऊन पेटीत शिरतो, तिथे त्याला झेलायला चामड्याचा पट्टा असतो. तो पट्टा नसेल तर धोटा आदळून उसळेल, कापड बिघडेल. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाहही असाच वेगात असतो, त्याला एकदम थांबायचं नसतं. कंडेन्सर नसेल तर तो पॉइंटच्या फटीतून उडी मारत राहतो, तिथेच जळतो. कंडेन्सर त्याला झेलतो, प्रवाह झटक्यात तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. झटका जेवढा साफ तेवढा करंट जोरात. ३००० आरपीएमला बुलेटचे पॉइंट सेकंदाला पंचवीस वेळा उघडतात. पंचवीसही वेळा झेल पकडला गेला पाहिजे.

कंडेन्सर मीटरवर मोजता येतो, साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड यायला हवा. पण तो मोजतो आपण थंड असताना आणि मीटरच्या बारीकशा व्होल्टवर, तिथे तो बरोबरच उत्तर देतो. गाडीत मात्र तो सिलिंडरच्या मागे बसून तापतो आणि पॉइंट उघडताना दोन-तीनशे व्होल्ट सोसतो. म्हणून मीटरवर पास झालेल्या कंडेन्सरवर मी विश्वास ठेवत नाही. खरी परीक्षा अदलाबदलीची. चांगल्या दुकानातून एक नवा कंडेन्सर आणून डिकीत ठेवा, त्याला दोन वीत वायर आणि क्लिप लावून ठेवा. गाडी बंद पडली की जुन्या कंडेन्सरची वायर सोडवा, नव्याची वायर पॉइंटच्या टोकाला लावा आणि त्याची बॉडी इंजिनला घट्ट चिकटवा. तापलेली गाडी जागच्या जागी सुरू झाली तर चोर सापडला. जुना काढायला विसरू नका. तो शॉर्ट असेल तर नवा शेजारी लावून काहीच फरक पडणार नाही आणि तुम्ही नव्यालाच दोष द्याल. काही लोक कंडेन्सर कायमचाच इंजिनच्या उष्णतेपासून लांब, फ्रेमला बसवून घेतात. मला ते पटतं, फक्त त्याची अर्थ पक्की हवी.

कंडेन्सरने फरक पडला नाही, काटा नीट झोका घेतोय, टेस्टरवर करंट मात्र मरतुकडा, तर कॉइल. तिची परीक्षाही तापलेली असतानाच. हात लावून बघा, चटका बसण्याइतकी तापली असेल तर ती खूणच समजा. ओल्या फडक्याने पाच मिनिटं गार केली आणि गाडी सुरू झाली, तर आणखी पुरावा. मात्र या वेळात इंजिन गार होऊ देऊ नका, नाहीतर कोण गार झाल्याने गाडी सुरू झाली ते कळायचं नाही. आणि एक सवय मोडा: गाडी उभी करून किल्ली चालू ठेवून गप्पा मारायची. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर सगळे अँपिअर सतत कॉइलमधून वाहतात. पानपट्टीसमोरच्या दहा मिनिटांत कॉइल जाते, आणि मग दोष मेस्त्रीला.

काटाच हलत नसेल तर वेगळी चाचणी. मीटर-दीड मीटर जाड वायर घ्या. बॅटरीच्या ज्या टोकाची वायर फ्रेमला गेलेली नाही, त्या टोकापासून थेट कॉइलच्या त्या टोकाला जोडा जिथे स्विचकडून वायर येते. मग किक. सुरू झाली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष, दोषी स्विच, फ्यूज किंवा मधली वायर. किल्लीने गाडी बंद होणार नाही हे लक्षात असू द्या, डिकंप्रेसर ओढून बंद करा आणि वायर लगेच काढा. घरी मीटर असेल तर पॉइंट मिटलेले ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा आणि कॉइलच्या टोकावर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तो मध्ये कुठेतरी गळतोय. जुन्या स्विचचे आतले पॉइंट काळे पडून एक-दीड व्होल्ट सहज खातात.

गाडीला नवा रंग दिलाय का, हेही सांगा. रंगाचं काम झालं की बॅटरीची अर्थ रंगावर बसते, इंजिनचे बोल्ट रंगावर बसतात, आणि प्रवाहाला परतीची वाट राहत नाही. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, थोडं व्हॅसलीन लावा आणि आवळा. बॅटरीपासून थेट इंजिनच्या बोल्टला एक जास्तीची अर्थ वायर मी प्रत्येक जुन्या गाडीला ओढतो. बॅटरीबद्दल फार लिहीत नाही. पूर्ण चार्ज होऊन तासभर थांबल्यावर साडेबाराच्या वर व्होल्ट दाखवत नसेल तर आधी ती बघा, बाकी सगळं नंतर. पॉइंटच्या बुलेटला बॅटरीशिवाय गत्यंतर नाही.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फिलर गेज घ्या, अंदाज नको. पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजला की गॅप आपोआप कमी होतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे पडतं, गाडी तापायला लागते आणि लोक कार्बोरेटरकडे धावतात. ठोकळ्याला बारीकसं ग्रीस लावा, मुगाच्या दाण्यापेक्षा कमी. जास्त लावलं तर तेच वितळून पॉइंटवर जातं आणि जळून काळा थर करतं. घासायचे असतील तर बारीक पॉलिश पेपर, आणि नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढून घ्या, नाहीतर पेपरचे कणच अडकून बसतात. डेल्कोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर गॅप दर ठोक्याला वेगळा पडतो आणि तुम्ही कितीही जुळवला तरी मिसिंग जात नाही. टायमिंगला पिस्टन टॉपच्या ०.८ मिलिमीटर आधी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. उघडण्याचा क्षण पकडायला पॉइंटच्या टोकापासून बॉडीपर्यंत बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब लावा. पॉइंट मिटलेले असताना विझलेला, उघडले की पेटतो. किक मागे लाथ मारत असेल तर टायमिंग पुढे गेलंय किंवा आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. त्या पायाची काळजी घ्या, बुलेटने घोटा मोडलेले मी बघितलेत.

एचटी वायर आणि कॅप स्वस्त आहेत आणि त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. रात्री अंधारात गाडी चालू करून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा, निळ्या रेषा सरपटताना दिसल्या तर वायर बदला. आत तांब्याची तार असलेलीच घ्या. मोटारीची कार्बनची वायर स्क्रूवाल्या कॅपला धरत नाही, चार दिवसांत आतून जळते. रेझिस्टरवाली कॅप मीटरवर साधारण ५ किलोओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर फेकून द्या. प्लगचा गॅप ०.६ च्या आसपास ठेवा. हाताच्या हॅक्सॉचं पातं जवळजवळ तेवढंच जाड असतं, गेज नसेल तर ते चालवून घ्या.

हे वाचणाऱ्यांत आरएक्स १०० किंवा जुनी सीडी १०० वाले असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्या गाडीत सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डब्याचं इग्निशन) असेल, तर पॉइंट-कंडेन्सर नाहीत, आणि वरची काट्याची युक्ती चालणार नाही. तापल्यावर बंद पडत असेल तर मॅग्नेटमधली इग्निशनची कॉइल आणि पल्सर कॉइल गरम असतानाच मोजा आणि थंड आकड्याशी ताडून बघा. सीडीआयचा डबा बदलण्याआधी किल्लीच्या स्विचची वायर सोडून बघा. त्या गाड्यांत स्विच बंद केला की ती वायर अर्थ होते, आणि ती वायर सोलली असेल तर चालत्या गाडीत करंट मरतो. डब्याला उगाच बदनाम करतात.

तर तुमच्यासाठी: डिकीत प्लग पाना, तो पाच मिलिमीटरचा टेस्टर, क्लिप लावलेला नवा कंडेन्सर, वायरचा तुकडा आणि फडका ठेवा. आणि पुन्हा तळे हिप्परग्यापर्यंत जा, शक्यतो दुपारीच. बंद पडली की क्रमाने झाकण, किकचा जोर, काट्याचा झोका, प्लग ओला की कोरडा, टेस्टरवरचा करंट, पॉइंटवरची ठिणगी. कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. उन्हात उभं राहून अर्धं विसरायला होतं. ते सहा मुद्दे मला पाठवलेत तर नेमका कुठला भाग ते मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन.

निघायच्या आधी मात्र कॉइलवरचं लेबल वाचा. तिथे ६ असेल तर तळ्यापर्यंत जायची गरजच नाही. बारा व्होल्टची कॉइल आणि सोबत नवे पॉइंट घ्या, कारण दोन वर्षं आठ अँपिअर सोसून जुने जळालेलेच असणार.